कोल्हापुरात पाच-सहा हजारांत भिंतीवर लावायला खरं चित्र मिळेल का, की प्रिंटच घ्यावी?

मिळेल. प्रिंट घेऊ नका.

तुम्ही पुढं असंही विचारलंय की प्रदर्शनात घासाघीस चालते का, आणि 'एका कागदाला' एवढे पैसे घालण्यात शहाणपणा आहे का. हे 'एका कागदाला' वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. हेच शब्द गेली कित्येक वर्षं आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतोय.

माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. चित्रकलेशी संबंध म्हणाल तर शाळेत एलिमेंटरीला 'सी' ग्रेड, तेवढाच. 2012 च्या मे महिन्यात शाहू स्मारकला एका पाहुण्यांचा सत्कार होता. भाषणं काही आवरेनात, म्हणून बाहेर आलो आणि पंखे चालू दिसले म्हणून कलादालनात शिरलो. आत ड्रॉइंगच्या एका सरांचं जलरंगांचं प्रदर्शन होतं. शेवटचा दिवस, शेवटचा तास. कोपऱ्यात रंकाळा होता. पाणी उतरलेलं, संध्यामठ उघडा पडलेला, पुढं पाण्यात दोन म्हशी. क्वार्टर शीट, म्हणजे 11 बाय 15 इंच. किंमत फ्रेमसकट 4,000.

आता उद्यमनगरच्या माणसाला रेट पाडल्याशिवाय खरेदी केल्यासारखं वाटत नाही. म्हटलं, "सर, फ्रेम राहू दे तुमच्याकडं, नुसतं चित्र कितीला?"

"बत्तीसशे द्या."

"तीन करा, राउंड फिगर."

सरांनी एकदा भिंतीवरनं नजर फिरवली. विकलं गेल्याची लाल टिकली एकाही चित्राला नव्हती. "न्या," म्हणाले. माउंटसकट, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीसकट, पेपरात गुंडाळून दिलं, वर दोन दोऱ्याही बांधून दिल्या. घरी येईपर्यंत हजार रुपये वाचवल्याच्या आनंदात होतो.

दाजी नेमके घरी आलेले. बँकेतनं रिटायर, सगळ्या गोष्टींतलं कळतं. चष्मा कपाळावर सारून त्यांनी चित्र जवळनं बघितलं आणि म्हशींच्या मागच्या पाण्यावर बोट ठेवलं. "आरं, हिथं रंग लावायचा राहिलाय की!"

राहिला नव्हता. पाण्यावरची ती चमक म्हणजे कोरा कागदच होता. जलरंगात उजेड हवा तिथं कागद सोडतात. तिथं एकदा रंग गेला की तो उजेड गेला, पुसून परत येत नाही. मी हे कसंबसं सांगितलं तर दाजी म्हणाले, "म्हंजे कोऱ्या कागदाचे पण पैसे दिलास?" घर हसलं. बायकोसुद्धा.

उत्तर सुचलं दोन दिवसांनी, मशीनवर. गिऱ्हाईक बुश, म्हणजे मशीनमध्ये बसणारा नळीसारखा भाग, घेऊन येतं, आम्ही आतनं बोअर करून देतो. पैसे कशाचे घेतो? भोकाचे. जिथं माल नाही त्या जागेचे. आणि बोअर जरा मोठा झाला की जॉब भंगारात, तसंच हे. "पाच मिनिटांचं तर काम" असं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, सेटिंगला गेलेला तास कुणी धरत नाही. मी रोज ज्या बोलण्यावर चिडतो तेच बोलून मी सरांकडनं चित्र आणलं होतं. दाजींना हे सांगायला फोन केला तर ते म्हणाले, "बुशचा उपयोग तरी हाय."

पुढचा गाढवपणा माझाच. जवळच्या एका दुकानात फ्रेम करायला टाकलं. तो म्हणाला, माउंट काढला तर साइज कमी होईल, साडेतीनशेत बसवतो. मी मान डोलावली. त्यानं कागद मागनं पांढरा गोंद लावून हार्डबोर्डला चिकटवला आणि पुढनं थेट काच. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या जुलैत आभाळात पिवळे ठिपके आले आणि एक कोपरा काचेला चिकटला. माउंट शोभेसाठी नसतो हो, कागद आणि काच यांच्यात हवा राहावी म्हणून असतो. दाजींनी विचारलंच, "ढग नवीन आलेत काय?" पुढं एकदा प्रदर्शनात सर भेटले, त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "माउंट कुठं गेला?"

तर घासाघीस चालते का? चालते, शेवटच्या दिवशी तर नक्कीच चालते, आणि तुम्ही ती करू नका. कागद, रंग, माउंट, काच, फ्रेम, हॉलचं भाडं यातनं माणसाच्या हातात काय उरतं ते मला आता कळतं. पैसे कमी पडत असतील तर लहान चित्र मागा, किंवा दोन हप्त्यांत देतो म्हणा. मी त्याच सरांकडनं नंतर 6,000 चं चित्र तीन हप्त्यांत घेतलं, सांगितलेल्या किमतीला. याहून स्वस्त हवं तर कलानिकेतन, दळवीज् अशा चित्रकला शिकवणाऱ्या ठिकाणच्या पोरांची कामं बघा. त्यातल्याच एकाचं लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून कागदावर उठवलेलं चित्र, माझ्याकडं आहे. त्यावर खाली पेन्सिलीत 4/15 लिहिलंय, म्हणजे पंधरातला चौथा छाप, प्रत्येक हातानं काढलेला. अशी प्रिंट खुशाल घ्या. मी नको म्हणतोय ती मशीनवरची.

ती ओळखायची कशी, तर भिंग लावा. बारीक ठिपके दिसले की मशीन. कॅनव्हासवर पारदर्शक जेल फासून ब्रश फिरवल्याचा आव आणतात, तिथं मोबाइलची बॅटरी आडवी धरा. उंचवटे एकीकडं जातात आणि चित्रातली रेघ भलतीकडं. दाजींच्या हॉलमध्ये असेच सात पांढरे घोडे पळतायत, 6,500 ला घेतलेले. समोर पश्चिमेची खिडकी आहे, घोड्यांमागचं आभाळ आता चहाच्या रंगावर आलंय. अस्सल जलरंगही उन्हात उडतो, त्यामुळं खिडकीसमोर काहीच लावू नका. पावसाची झड बसते त्या भिंतीवर तर नकोच, आणि फ्रेमच्या मागं खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा.

घ्यायच्या आधी थोडं बघून घ्या. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान कोटीतीर्थाच्या काठाला राहून रंगवत, 1931 साली गेले. त्यांची चित्रं टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहेत. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचा 'निसर्ग' बंगला आहे. सिनेमातले चंद्रकांत तेच, घर आणि चित्रं दोन्ही सरकारला देऊन टाकली. दाजी तिथनं पाच मिनिटांवर राहतात. एकदाही आत गेलेले नाहीत.

एक कबूल करतो, चित्र पुढं विकून पैसे होतील म्हणून घेऊ नका. तेवढं दाजींचं बरोबर आहे. आणि मला कळतं ते जलरंगातलं, अमूर्त वगैरे दुसऱ्या कुणाला विचारा. पावती घ्या, मागच्या बाजूला चित्रकाराकडनं नाव, साल आणि माध्यम लिहून घ्या.

दाजी हे वाचणार नाहीत, भाचा मात्र वाचतो. दाखव रे त्यांना. आणि सांग, माझ्या दातांच्या डॉक्टरकडं पण तेच घोडे आहेत, मोजले मी, सातच.