मार्केटिंग इलेक्टिव्ह घेतलंयस? आधी एवढं कर

व्याख्या पाठ करत बसू नकोस, क्रम पक्का धर. आधी ग्राहकांचे गट पाडायचे, मग एक गट निवडायचा, मग त्याच्या मनात आपल्या मालाची जागा ठरवायची. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस (माल कुठे विकायचा), प्रमोशन (जाहिरात वगैरे) हे चार पी त्यानंतर. बरेच जण थेट जाहिरातीवर उडी मारतात आणि उत्तर पोकळ राहतं.

उदाहरणं बेळगावातलीच घे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं कास्टिंग (धातू ओतून केलेला भाग) आणि आपला कुंदा, म्हणजे मिठाई, शेजारी शेजारी ठेव. कास्टिंग घेणारा कारखाना ड्रॉइंग, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), वेळेवर डिलिव्हरी बघतो; ऑर्डरआधी खरेदीवाले, क्वालिटीवाले, डिझाइनवाले सगळे बोलतात. कुंदा घेणारा चव आणि दुकानाचं नाव बघून दोन मिनिटांत ठरवतो. हा फरक नीट लिहिलास तर औद्योगिक आणि ग्राहक बाजार हा अख्खा धडा कळला समज.

आकडेमोडीत तू पुढे आहेस, तिथले मार्क सोडू नकोस. ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा होईल तेवढी विक्री, काढताना:

- स्थिर खर्च ४०,०००, किंमत ५००, नगामागे बदलता खर्च ३०० रुपये.
- ५०० वजा ३०० म्हणजे नगामागे २०० उरतात; ४०,००० ला त्या २०० ने भागायचं: २०० नग.
- ५०० ने भागलंस तर ८० येतात. हमखास होणारी चूक.

ब्रँड इक्विटीची (नुसत्या नावामुळे मालाला येणाऱ्या मोलाची) मॉडेल्स सध्या राहू देत.