अपग्रेडच्या आधी सर्व्हरची इमेज घेतली, मग नंतर परत कशाला घ्यायची?

तुम्ही म्हणताय डेली बॅकअप चालू आहे, अपग्रेडच्या आधी फुल इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी) पण काढणार, मग अपग्रेड नीट झाल्यावर परत इमेज काढायची काय गरज. मी पण हेच म्हणायचो, चटका बसेपर्यंत.

झालं असं की एका सर्व्हरवर ओएस बदलली आणि सोबत मायएसक्यूएल डेटाबेस ५.७ चं ८.० केलं, आधीची इमेज क्लोनझिलाने (डिस्कची इमेज काढायचं टूल) काढलेली होती, काम सुरळीत झालं, सगळे खूश, आणि नंतरची इमेज "उद्या काढू" म्हणून राहिली ती राहिलीच. तीन आठवड्यांनी रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) गेला आणि जाताना डिस्कवरचं सगळं घेऊन गेला. हातात काय, तर जुनी इमेज आणि डेटाबेसचा रोजचा डम्प (सगळा डेटा फाइलमध्ये काढलेला). इमेज रिस्टोअर केली, मशीन उभं राहिलं, वाटलं सुटलो. डम्प टाकायला गेलो तर एरर, अननोन कोलेशन (अक्षरं जुळवायची आणि क्रमाने लावायची पद्धत)! डम्प ८.० चा आणि इमेजमधला डेटाबेस ५.७ चा, त्याला ८.० चं डिफॉल्ट कोलेशन माहीतच नाही. मग काय, अख्खं अपग्रेड परत, रात्रभर जागून, आणि कुठली कॉन्फिग फाइल कशी बदललेली ते आठवत आठवत. लिहून ठेवलं नव्हतं हा गाढवपणा वेगळाच.

म्हणून नंतरची इमेज घ्याच. फक्त अपग्रेड संपल्या संपल्या घाई नको, आधी एक-दोनदा रिबूट करा, रात्रीचे शेड्यूल केलेले जॉब एकदा तरी चालू द्या, लॉग बघा, मग घ्या. नाहीतर बिघडलेल्याचीच इमेज जपून ठेवाल.

आधीची घेताना पण एक रिबूट मारून बघा. सर्व्हर महिनोन्‌महिने रिबूट झालेला नसतो, मधे कोणी काय बदललंय देव जाणे, आणि मग अपग्रेडनंतर बूट होत नाही तेव्हा दोष नक्की कुणाचा ते कळत नाही. क्लोनझिला स्वतःच्या यूएसबीवरून बूट होतं त्यामुळे डेटाबेस बंदच असतो, पण चालू सर्व्हरवर माउंट असलेल्या डिस्कची डीडी कमांडने कॉपी काढू नका, अर्धवट लिहिलेल्या फाइली येतात. विंडोजवर व्हीएसएस (चालू डिस्कची स्थिर कॉपी देणारी विंडोजचीच सोय) हे बऱ्यापैकी सांभाळून घेतं.

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) असेल तर "स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची स्थिती) आहे ना" म्हणून बसू नका. स्नॅपशॉट मूळ डिस्कवरच टेकलेला असतो, ती गेली की तोही गेला. व्हीएमवेअर (व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) स्वतःच सांगतं की स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

आणि हे लोक विसरतात, इमेज परत टाकली की डेटा पण मागे जातो, म्हणजे अपग्रेडनंतर चार दिवसांत आलेल्या एंट्री गायब. डेटा वेगळ्या डिस्कवर असेल तर हा त्रास बराच कमी. क्लोनझिलाला रिस्टोअरसाठी साधारणपणे तेवढीच किंवा मोठी डिस्क लागते, तेही आधीच बघून ठेवा, ऐनवेळी थोडी लहान डिस्क निघाली की रडू येतं.

जुनी इमेज कधी उडवायची? नवीन इमेज दुसऱ्या मशीनवर किंवा व्हीएमवर रिस्टोअर करून, लॉगिन करून, सर्व्हिस चालू झालेल्या बघितल्यावरच. तोपर्यंत जागा खात असली तरी खाऊ द्या.