वाचक विचारतात : स्पर्धा परीक्षेतला इंग्रजीचा पेपर आणि आडवी येणारी मराठी

व्याकरणाची दोन पुस्तकं पूर्ण झाली, नियम तोंडपाठ आहेत. तरी ‘वाक्यातली चूक ओळखा’ या प्रकारात दहापैकी चार-पाचच प्रश्न बरोबर येतात. असं का होतं?

पुस्तकातला स्वाध्याय एका वेळी एकाच नियमाचा असतो. धडा आर्टिकलचा असला की चूकही आर्टिकलमध्येच असणार, हे वाक्य वाचायच्या आधीच ठाऊक असतं. पेपरात ते सांगायला कोणी नसतं. म्हणून नियम एकदा समजला की त्या धड्याचे पन्नास-साठ प्रश्न एका दमात सोडवण्यात फारसा फायदा नाही. दहा सोडवा आणि मिश्र प्रश्नांकडे वळा. जुन्या प्रश्नपत्रिका त्यासाठी सगळ्यात चांगल्या.

दुसरी गोष्ट वाचण्याच्या पद्धतीची. बहुतेक जण वाक्य दोन-तीनदा वाचतात आणि कानाला काय खटकतं ते पाहतात. ज्यांनी लहानपणापासून इंग्रजी ऐकलंय त्यांचा कान साथ देतो, बाकीच्यांना क्रम लावून तपासावं लागतं. हे वाक्य घ्या :

‘द कंडिशन ऑफ द रोड्स / कनेक्टिंग दीज टू व्हिलेजेस / हॅव नॉट इम्प्रूव्ह्ड / सिन्स द लास्ट मॉन्सून.’

आधी मुख्य क्रियापद शोधा. ‘कनेक्टिंग’ हे नव्हे, ते रस्त्यांचं विशेषण म्हणून आलंय. मुख्य क्रियापद ‘हॅव नॉट इम्प्रूव्ह्ड’. आता विचारा, काय सुधारलं नाही? ‘कंडिशन’. ‘ऑफ’पासून ‘व्हिलेजेस’पर्यंतचा मजकूर बोटाने झाका. उरतं ‘द कंडिशन हॅव नॉट इम्प्रूव्ह्ड’, आणि चूक उघडी पडते : ‘हॅज’ हवं. प्रश्न काढणारा कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये अनेकवचनी नाम पेरतो ते याचसाठी. त्यात मराठीची सवय भर घालते. ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’, ‘मुलाने पत्र लिहिलं’ यांत क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला कधीच सोडत नाही.

कर्ता-क्रियापद जुळलं की काळ आणि काळ दाखवणारा शब्द, मग सर्वनाम, मग प्रिपोझिशन, शेवटी आर्टिकल. हा क्रम दर वेळी तोच ठेवा. सुरुवातीला एका वाक्याला मिनिटभर लागेल, लागू द्या. आणि पाचही जागा पाहून काही सापडलं नाही तर ‘चूक नाही’ हा पर्याय बिनधास्त निवडा. त्या पर्यायाची अनेकांना उगाच भीती वाटते आणि धडधाकट वाक्यात चूक उकरून काढली जाते.

कर्त्याच्या बाबतीत चार सापळे वारंवार येतात. ‘ॲज वेल ॲज’, ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’ असेल तर क्रियापद पहिल्या नामाप्रमाणे. ‘आयदर–ऑर’ आणि ‘नायदर–नॉर’ असेल तर जवळच्या नामाप्रमाणे. ‘द नंबर ऑफ’ एकवचनी, ‘अ नंबर ऑफ’ अनेकवचनी. चौथा जरा नाजूक : ‘वन ऑफ द प्लेअर्स हॅज कम’ बरोबर, पण ‘ही इज वन ऑफ द प्लेअर्स हू हॅव कम’ यात ‘हॅव’ हवं, कारण ‘हू’ हे खेळाडूंबद्दल बोलतं, त्या एकट्याबद्दल नाही.

शिक्षण मराठी माध्यमात झालं. ‘इंग्रजीतच विचार करा’ असं सगळे सांगतात, पण ते जमत नाही. नेमकं काय करावं?

हा सल्ला द्यायला सोपा आहे, पण परीक्षेला सहा महिने उरलेल्याला त्याचा उपयोग शून्य. त्यापेक्षा मराठीतून विचार करताना चूक कुठे होते ती ठिकाणं माहीत करून घ्या. ती मोजकी आहेत, आणि प्रश्न काढणाऱ्यांनाही ती आवडतात.

‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत मी थांबेन.’ मराठीत ‘नाही’ लागतंच. त्याचं सरळ इंग्रजी केलं की ‘अंटिल ही डज नॉट कम’ होतं, आणि ते चूक. ‘अंटिल’ आणि ‘अनलेस’ यांच्या पोटात नकार आधीच आहे. बरोबर वाक्य : ‘आय विल वेट अंटिल ही कम्स.’ ‘ही विल कम’ असंही नाही. ‘इफ’, ‘व्हेन’, ‘अनलेस’, ‘अंटिल’ यांनी सुरू होणाऱ्या अशा भागात भविष्याची गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगतात, ‘विल’ दुसऱ्या भागात येतं. ‘लेस्ट’ (म्हणजे ‘होऊ नये म्हणून’) याच्याही पोटात नकार आहे : त्यानंतर ‘शुड’ किंवा नुसतं मूळ क्रियापद, ‘नॉट’ नाही.

मराठी जोडीने बोलते : जरी–तरी, कारण–म्हणून. इंग्रजीत एका वाक्याला एकच जोड पुरतो. ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड’ यातला ‘बट’ काढा. फार तर ‘येट’ चालतं. ‘ॲज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम’ यातला ‘सो’ काढा. याउलट काही जोड्या इंग्रजीनेच बांधून ठेवल्या आहेत आणि त्या तोडता येत नाहीत : ‘नो सूनर’बरोबर ‘दॅन’, ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’बरोबर ‘व्हेन’. ‘नो सूनर… व्हेन’ दिसलं की पुढे वाचायचीही गरज नाही.

काळ. ‘मी इथे पाच वर्षांपासून शिकवतो’ यात मराठी साधा वर्तमानकाळ वापरते, म्हणून ‘आय टीच हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ तोंडी येतं. चुका दोन आहेत. काम तेव्हा सुरू होऊन अजून चालू आहे म्हणून ‘हॅव बीन टीचिंग’, आणि पाच वर्षं हा कालावधी म्हणून ‘फॉर’. सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तरच ‘सिन्स’ : ‘सिन्स २०१९’, ‘सिन्स मंडे’. दुसरं, ‘मी काल पत्र पाठवलं आहे’ मराठीत चालून जातं, पण ‘आय हॅव सेंट द लेटर यस्टरडे’ चालत नाही. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’ असं काही दिसलं की साधा भूतकाळ.

प्रिपोझिशन हा सगळ्यात मोठा मासा. मराठी विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं लावते, आपण त्यांच्या जागी काहीतरी बसवतो. विषयावर चर्चा म्हणून ‘डिस्कस अबाउट’, तिच्याशी लग्न म्हणून ‘मॅरी विथ’, खोलीत शिरला म्हणून ‘एंटर इन्टू द रूम’, बापासारखा दिसतो म्हणून ‘रिझेम्बल लाइक’, आणि ‘रीच टू’. ही पाचही क्रियापदं थेट कर्म घेतात, मध्ये काहीच नको. मात्र सरसकट खोडत सुटू नका. नाम आलं की प्रिपोझिशन परत येतं : ‘अ डिस्कशन अबाउट’ बरोबर आहे. करार करण्याच्या अर्थाने ‘एंटर इन्टू ॲन ॲग्रीमेंट’ही बरोबर. ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ ही सवयही नडते. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ आणि ‘प्रेफर’ या सगळ्यांबरोबर ‘टू’ येतं.

वाक्याच्या पोटात प्रश्न असला तर उलट गडबड होते. ‘तो कुठे राहतो मला माहीत नाही’ यात मराठी शब्दक्रम बदलत नाही आणि इंग्रजीनेही बदलायला नको, पण प्रश्नार्थक वाक्याची रचना घोकलेली असल्याने ‘आय डू नॉट नो व्हेअर डज ही लिव्ह’ लिहिलं जातं. हवं ‘व्हेअर ही लिव्ह्ज’. इथे मराठीचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं!

आता सराव. वर सांगितलेल्या रचनांची रोज दहा मराठी वाक्यं तयार करा, इंग्रजीत लिहा आणि वही मिटा. तपासणी दुसऱ्या दिवशी करा, लगेच केली की आपलीच चूक डोळ्यांना दिसत नाही. चुकलेलं वाक्य वेगळ्या वहीत उतरवा, शेजारी बरोबर वाक्य, आणि खाली चार-पाच शब्दांत कारण : ‘अंटिलनंतर नॉट घातलं’. नियमाचा सगळा परिच्छेद उतरवू नका, तो परत कोणी वाचत नाही.

रोज पन्नास शब्द पाठ होतात, आठवड्याने दहाही आठवत नाहीत.

पन्नास नको, दहा-बारा पुरे. खरं काम उजळणीचं असतं आणि पन्नास शब्दांची उजळणी कोणाकडूनच होत नाही. शब्द शिकल्यावर दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी परत बघा. बघा म्हणजे वाचा नव्हे. अर्थ झाकून आठवायचा प्रयत्न करा, मगच उघडा. न आठवलेला शब्द पुन्हा दुसऱ्या दिवसाच्या गठ्ठ्यात जातो. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे कागद त्यासाठी वहीपेक्षा बरे, कारण ते क्रम बदलून पिसता येतात. वहीत शब्द पानावरच्या जागेमुळे आठवतो आणि पेपरात ती जागा नसते.

कार्डाच्या एका बाजूला शब्द आणि तो जिथे भेटला ते वाक्य, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, एक समानार्थी, एक विरुद्धार्थी आणि सोबत येणारं प्रिपोझिशन. अर्थाची छटाही नोंदवा. ‘थ्रिफ्टी’ म्हणजे काटकसरी, ‘स्टिंजी’ म्हणजे कंजूष. ‘फेमस’ प्रसिद्ध, ‘नोटोरियस’ कुप्रसिद्ध. पर्यायांत दोन्ही ठेवले की छटा माहीत असलेलाच तरतो.

शब्द घ्यायचे आधीच्या प्रश्नपत्रिकांतून. वाक्प्रचार आणि ‘अनेक शब्दांसाठी एक शब्द’ यांत जुने शब्द पुन्हा येतात. त्यानंतर वर्तमानपत्रातला अग्रलेख, पण एका लेखातून पाच-सहाच शब्द घ्या. प्रत्येक अनोळखी शब्दावर थांबलात तर लेख काय म्हणतो तेच निसटतं आणि उताऱ्याच्या प्रश्नांचा सराव बुडतो.

मूळ घटक ओळखायला शिका. ‘साइड’ म्हणजे मारणं हे कळलं की ‘होमिसाइड’, ‘जेनोसाइड’, ‘रेजिसाइड’, ‘पेस्टिसाइड’ एका ओळीत बसतात. ‘मॅल’ म्हणजे वाईट, ‘बेने’ म्हणजे चांगलं. पण सुरुवातीचं ‘इन’ दिसलं की नकार असं धरू नका : ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारं आणि ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे अनमोल.

स्पेलिंगचे प्रश्न हमखास चुकतात. काही युक्ती आहे का?

युक्ती एकच, शंका नेमकी कुठे येते तेवढंच लक्षात ठेवायचं. ‘ॲकोमोडेशन’मध्ये सी दोन, एम दोन. ‘ऑकरन्स’मध्ये सी दोन, आर दोन. ‘एम्बॅरस’मध्ये आर दोन, एस दोन, ‘हॅरस’मध्ये मात्र आर एकच. ‘प्रिव्हिलेज’मध्ये डी नाही. शब्द हाताने लिहा. चारही पर्याय एकटक पाहत बसलात तर चुकीचं रूपही ओळखीचं वाटू लागतं, म्हणून आधी कच्च्या कागदावर स्वतः लिहा आणि मग पर्याय बघा.

वाक्यांचा क्रम लावताना खूप वेळ जातो.

सगळा क्रम लावायला जाऊ नका, पक्की जोडी शोधा. ‘ही’, ‘दिस’, ‘सच’ असं सर्वनाम किंवा दर्शक शब्द असलेलं वाक्य ज्या नामाकडे बोट दाखवतं, ते नाम त्याच्या आधी यायला हवं. एखादी वस्तू आधी ‘अ’ लावून येते, मग ‘द’ लावून. ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’ने सुरू होणारं वाक्य पहिलं नसतं. एक पक्की जोडी सापडली की पर्याय पाहा, बहुतेक वेळा दोन पर्याय तिथेच गळतात.

उत्तर येत नसेल तर अंदाज मारावा का? निगेटिव्ह मार्किंगची धास्ती वाटते.

ते परीक्षेवर ठरतं, हिशेब करून बघा. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या कम्बाइन्ड ग्रॅज्युएट लेव्हलच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांना असतात, पर्याय चार, चुकीला अर्धा गुण वजा. डोळे झाकून वीस प्रश्न टिचकावले तर सरासरी पाच बरोबर, म्हणजे १० गुण, आणि पंधरा चुकांचे साडेसात वजा. अडीच गुण हाती राहतात. दुसऱ्या टप्प्यात प्रश्नाला तीन गुण आणि चुकीला एक वजा, तिथे हाच हिशेब बरोबर शून्यावर येतो. पाच पर्याय आणि पाव गुण वजा असेल, जसं बँकांच्या परीक्षांत असतं, तिथेही शून्य. म्हणजे या शेवटच्या दोन ठिकाणी अंदाजाला कमाई तेव्हाच, जेव्हा निदान एक पर्याय खात्रीने बाद करता येतो. हे सरासरीचे आकडे आहेत; तीन-चार प्रश्नांत नशीब कुठेही जाऊ शकतं.

गुण आणि वेळेची विभागणी बदलत असते, तेव्हा ज्या वर्षी बसणार त्या वर्षीची जाहिरात वाचून हा हिशेब पुन्हा मांडा. सराव पेपरात अंदाजाने दिलेल्या उत्तरांवर खूण करत जा. अशी शंभर उत्तरं जमली की त्यांतली किती बरोबर आली ते मोजा. चार पर्यायांत तीसहून जास्त बरोबर येत असतील तर तुमचा अंदाज निव्वळ अंदाज राहिलेला नाही. पंचविसाच्या आसपासच घुटमळत असतील तर एक तृतीयांश गुण कापणाऱ्या पेपरात तो प्रश्न सोडून पुढे गेलेलं बरं, कारण तिथे वेळही खर्च होतो. उदाहरणार्थ, सरकारी बँकांसाठी आयबीपीएस ही संस्था घेते त्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीच्या ३० प्रश्नांना वेगळी २० मिनिटं असतात, प्रश्नाला ४० सेकंद.