टोपी नको, बाबा

प्रश्न: ताईंस सप्रेम नमस्कार. सातारा जिल्ह्यात ३३ वर्षं पोलीस खात्यात नोकरी करून मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. सध्या मुक्काम टोरांटो, लेकीकडे. लेक आणि तिची जोडीदारीण एकत्र राहतात. हे पचायला मला चार वर्षं लागली, आता पचलं. जूनअखेर इथे प्राइडची, म्हणजे समलिंगी लोकांच्या अभिमानाची, मिरवणूक असते. मी ठरवलं होतं की यंदा लेकीबरोबर चालायचं. डोक्यावर खात्याची टोपी, छातीवर महासंचालकांचं सन्मानचिन्ह आणि हातात पाटी, ‘मी पोलीस, आणि या मुलीचा बाप’. मला वाटलं लेकीला गहिवरून येईल. ती म्हणाली, ‘टोपी नको, बाबा.’ त्याच संध्याकाळी तिची एक मैत्रीण जेवायला होती, जमैकन घरातली, काळी. सदर मैत्रिणीने माझ्या हातचं भरीत दोनदा मागून घेतलं. मी पोलिसात होतो हे कळलं तसा तिचा घास हातातच राहिला. मग समजलं की इथल्या मिरवणुकीत पोलिसांचा जथा वर्दीत चालतच नाही. ताई, पालखीच्या बंदोबस्ताला लोणंद-फलटणला आम्ही उन्हातान्हात उभे राहिलो, टाळही हाती घेतला. वर्दी बघून आम्हाला कुणी हाकललं नाही. बापाने लेकीला स्वीकारायचं आणि लेकीने बापाची ३३ वर्षं नाकारायची, हा कुठला न्याय? आणि काळ्या लोकांचं भांडण या मिरवणुकीत कशाला?
– एक बाप, स्कारबरो

उत्तर: भाऊसाहेब, नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. ‘सदर मैत्रीण’ वाचून हसले, पण तिचा घास हातात राहिला हे तुम्ही टिपलंत आणि लिहिलंत. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर भरिताच्या कौतुकावरच पत्र संपवलं असतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण एकेकाळी तो माझाही होता. ३ जुलै २०१६, रविवार. यंग आणि कॉलेज रस्त्यांच्या चौकाजवळ मी घडीची खुर्ची टाकून बसले होते, पिशवीत सांगलीचं भडंग. धाकटा आपल्याकडच्या मुलांच्या गटात चालत होता, तो कधी दिसतोय म्हणून माना उंचावत होते. त्या वर्षी ट्रुडो चालले. पदावरचा पंतप्रधान टोरांटोच्या प्राइडमध्ये चालण्याची ती पहिलीच वेळ. सगळं कसं सणासारखं. आणि मिरवणूक थांबली. पाच मिनिटं, दहा, वीस. पुढे रंगीत धूर दिसत होता. काळ्यांवरच्या पोलिसी अन्यायाविरुद्धची चळवळ आहे ना, ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर, तिची मुलं रस्त्यात ठाण मांडून बसली होती. त्या वर्षी प्राइड भरवणाऱ्या संस्थेने त्यांनाच मानाचं स्थान दिलेलं. म्हणजे मानाच्या गणपतीनेच लक्ष्मी रोडवर ठिय्या द्यावा, तसलं. माझ्या शेजारचे एक गोरे आजोबा मोठ्याने ओरडत होते. खोटं कशाला सांगू, मीही मनातल्या मनात ओरडत होते. तुमचं काय ते दुसऱ्या दिवशी करा, आज माझा मुलगा यायचाय.

अर्ध्या तासाने प्राइडच्या संचालकांनी पिसाच्या पेनाने मागण्यांच्या कागदावर सही केली तेव्हा कुठे मिरवणूक हलली. पुढे तेच म्हणाले की सही केली ती मिरवणूक हलावी म्हणून. मला तेव्हा ही मोठी हुशारी वाटली होती.

मागण्यांचा तो कागद मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना वाचला. बातम्यांत एकच मागणी गाजत होती, मिरवणुकीत पोलिसांचे चित्ररथ नकोत, स्टॉल नकोत. पण त्याच कागदावर काळ्या मुलांच्या कार्यक्रमांना पैसे द्या असं होतं, ऐकू न येणाऱ्यांसाठी खुणांच्या भाषेचे काळे दुभाषे नेमा असं होतं, आणि एक ओळ होती, दक्षिण आशियाई स्टेज परत सुरू करा. भाऊसाहेब, ते आपलं स्टेज! ते बंद झालं तेव्हा आम्ही चार आयांनी एका घरी बसून हळहळ केली होती. पत्र लिहू म्हणालो, लिहिलं नाही. आणि ज्यांच्यावर मी आदल्या दिवशी चरफडत होते ती मुलं डांबरावर बसून आमच्या पोरांचं स्टेज मागत होती. कप तसाच राहिला, चहा गार झाला.

आता ती बसली कुठे ते बघा. टोरांटो पोलिसांचं मुख्यालय कॉलेज रस्त्यावर ४० नंबरला आहे, त्या चौकापासून हाकेच्या अंतरावर. त्याच वर्षी मार्च-एप्रिलच्या थंडीत हीच मंडळी त्या दारापुढे दोन आठवडे मुक्काम ठोकून होती. जुलै २०१५ मध्ये अँड्र्यू लोकू नावाचा काळा माणूस पोलिसांच्या गोळीने गेला होता. पाच लेकरांचा बाप. हातात हातोडा होता. चौकशी झाली आणि गोळी घालणाऱ्यावर गुन्हा दाखल करायचा नाही असं ठरलं. नंतर डिसेंबर २०१८ मध्ये ओंटारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ ते २०१७ ची प्रकरणं तपासून सांगितलं की टोरांटोत पोलिसांच्या गोळीने मरण्याची शक्यता गोऱ्या माणसापेक्षा काळ्या माणसाला जवळजवळ २० पट जास्त आहे. जून २०२२ मध्ये तेव्हाच्या हंगामी पोलीसप्रमुखांनी स्वतःच्या खात्याची आकडेवारी समोर ठेवून काळ्या समाजाची माफी मागितली. हे मी मैत्रिणीच्या घासाबद्दल सांगतेय. तिला तुमचा राग आला असेल असं मला वाटत नाही. तिच्या घरी तुमच्या पेशाची जी आठवण आहे ती ताटात आली.

‘या मिरवणुकीत कशाला’ याचं उत्तर मात्र जुनं आहे. ५ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री टोरांटो पोलिसांनी शहरातल्या चार स्नानगृहांवर एकाच वेळी धाडी घातल्या. समलिंगी पुरुष तिथे भेटायचे. दारं फोडली, ३०० च्या आसपास माणसं धरली. दुसऱ्या रात्री हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याच उन्हाळ्यात ग्रेंज पार्कमध्ये प्राइड भरला. इथल्या प्राइडच्या जन्मपत्रिकेतच पोलीस आहेत, ते असे. पुढे सप्टेंबर २००० मध्ये अशाच एका स्नानगृहात फक्त बायकांसाठी ठेवलेल्या रात्री पुरुष पोलीस आत शिरले. तुमच्या लेकीच्या वयाच्या बायका होत्या तिथे. १९८१ च्या धाडींबद्दल खात्याने खेद व्यक्त केला तो जून २०१६ मध्ये, तुम्हाला सांगितलेल्या त्या रविवारच्या दीडेक आठवडा आधी. खेद आणि माफी यांतला फरक खात्यातल्या माणसाला मी काय सांगणार! आणि खेद व्यक्त करणारे मार्क साँडर्स हे टोरांटोचे पहिले काळे पोलीसप्रमुख. प्रमुखाचा रंग बदलला म्हणून चौकातल्या शिपायाचा हात बदलतो असं नाही, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

जानेवारी २०१७ मध्ये प्राइडच्या सभासदांनी त्या मागण्या मतदानाने मान्य केल्या. इथे मी स्वतःबद्दल एक कबूल करते. तेव्हाही मी काठावरच होते. आपल्याच माणसांत पोलीस आहेत, त्यांच्यातही समलिंगी आहेत, खात्यात लपूनछपून वर्षं काढून एकदा उजळ माथ्याने वर्दीत चालावं असं वाटणारे. त्यांच्यातल्या एकाने खुलं पत्र लिहिलं होतं, ते वाचून मी हळवी झाले. अजूनही होते. त्या माणसाचं दुखणं खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही.

मला काठावरून उतरवलं ते खांबांवरच्या फोटोंनी. चर्च स्ट्रीटवरून, म्हणजे इथल्या समलिंगी वस्तीतून, जाताना विजेच्या खांबांवर हरवलेल्या माणसांची पत्रकं दिसायची. पावसाने सुरकुतलेला कागद, त्यावर आपल्या भाच्यासारखा, पुतण्यासारखा चेहरा. २०१० पासून माणसं नाहीशी होत होती. श्रीलंकेचे तमिळ, अफगाण, इराणी, तुर्की. वस्तीतले लोक सांगत होते की कुणीतरी मारतंय. डिसेंबर २०१७ मध्येसुद्धा पोलीसप्रमुख म्हणाले की एकच खुनी असल्याचा पुरावा नाही. जानेवारी २०१८ मध्ये ब्रूस मॅकार्थर धरला गेला. आठ खून. मधल्या वर्षांत पोलिसांनी त्याच्याशी दोनदा बोलून त्याला सोडलं होतं. मेलेल्या आठांपैकी एक तमिळ मुलगा निर्वासितांच्या बोटीतून आलेला. इथे राहू द्या हा त्याचा अर्ज फेटाळलेला, म्हणून तो हरवल्याची तक्रारसुद्धा कुणी केली नव्हती. त्याचा फोटो खांबावरही नव्हता. पुढे एप्रिल २०२१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती ग्लोरिया एपस्टीन यांचा अहवाल आला, त्यात तपासातल्या चुका आणि भेदभाव ओळीने मांडले आहेत. तुम्ही तपासाचं काम केलंय, मिळाला तर वाचा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त त्रास होईल.

तर जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा मतदान झालं, पोलिसांना मिरवणुकीत घ्यायचं का. १६३ विरुद्ध १६१. दोन मतांनी ‘नाही’ जिंकलं. मी तेव्हा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होते, रात्रपाळी होती, गेलेच नाही. म्हणून ‘सगळा समाज पोलिसांच्या विरोधात’ असं समजू नका. अर्धी मंडळी तुमच्या बाजूने बोलली असती. आणि रस्त्याच्या बंदोबस्ताला पोलीस असतातच, सायकलवर, कडेकडेने. प्रश्न फक्त वर्दीत मिरवण्याचा आहे.

आता वारी. तुम्ही टाळ घेतलात, ते चित्र डोळ्यांपुढे आलं. पण वारकऱ्यांच्या मुक्कामावर कधी खात्याने धाड घातली नव्हती. उदाहरण बदलून बघा. फासेपारध्यांच्या पालावर वर्दीतला माणूस नुसता पाणी मागायला गेला तरी काय होतं? पोरं कुठे पळतात, बाया कुठे बघतात? तुम्ही जिल्ह्यात ३३ वर्षं काढलीत, मी वर्णन करायची गरज नाही. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये कागदावर मोकळ्या झाल्या. पालावरच्या पोराला ते कुणी सांगितलं? त्या पोरांचा मेळावा असता आणि तुम्ही प्रेमानेच, टोपी घालून गेला असता, तर तुमचं प्रेम आधी दिसलं असतं की टोपी?

एक घरचं सांगते. माझा मावसभाऊ. १९८० च्या दशकात एका गावात स्टँडमागच्या बागेत संध्याकाळी दुसऱ्या एका मुलाबरोबर बसला होता. वर्दीतल्या एकाने खांद्यावर हात ठेवला. ‘३७७ कलम माहितीय का? वडिलांना बोलावू?’ खिशातले पैसे गेले, आणि दहावीला मिळालेलं एचएमटीचं घड्याळ गेलं. घरी म्हणाला, नदीवर पोहताना पडलं. घड्याळ हरवलं म्हणून मावशीने आठ दिवस त्याला बोल लावले. खरं काय ते त्याने मला सांगितलं २००९ च्या जुलैमध्ये, त्या कलमाबद्दल, समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा, दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला त्या आठवड्यात, फोनवर. आता साठीचा आहे. अजूनही खाकी दिसली की तो नकळत डाव्या मनगटावर उजवा हात ठेवतो. मी पाहिलंय.

तुम्ही असं केलं असेल असं मी म्हणत नाही. केलं असतंत तर हे पत्रच लिहिलं नसतंत. पण टोपी एकच असते हो, तुमची आणि त्याची.

तेव्हा माझं मत विचाराल तर लेकीचं ऐका. तिने तुमची ३३ वर्षं नाकारलेली नाहीत. तिने तुम्हाला ‘येऊ नका’ म्हटलं नाही, ‘टोपी नको’ म्हटलं. टोपी घातलीत तर तुम्हाला कुणी हाताला धरून बाहेर काढेल असंही मला वाटत नाही. फक्त आजूबाजूचे चारदोन जण जरा सरकून चालतील आणि लेक दिवसभर तेच बघत राहील. सन्मानचिन्ह घरी काचेत राहू दे. सदर मैत्रीण पुन्हा येईल तेव्हा तिला खात्यातल्या गोष्टी सांगायला बसू नका, तिने विचारलं तर सांगा. भरीत मात्र पुन्हा करा.

बाकी व्यवहाराचं. मिरवणुकीच्या दिवशी गाडी आणू नका, स्कारबरोहून सबवेने या, वेलस्लीला उतरा. सुती सदरा, पायात बूट, चपला नकोत, फार चालावं लागतं. पाण्याची बाटली घ्या. टोपी हवीच, उन्हासाठी. ती साधी, पांढरी, आपली गांधी टोपी चालेल. पाटीवरचा पहिला अर्धा भाग खोडा आणि उरलेलं मोठ्या अक्षरात, मराठीत लिहा. मी चौकाजवळच असेन, घडीच्या खुर्चीवर, पिशवीत भडंग. पाटी वाचून मी तुम्हाला ओळखेन.