विपश्यना केंद्रातल्या आचार्यांचा दिवस कसा असतो? नोकरी सोडून तसं राहता येतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: विपश्यना या ध्यानपद्धतीच्या केंद्रातले आचार्य, म्हणजे तिथले शिक्षक, दिवसभर करतात काय, ते कायम तिथेच राहतात का, आणि नोकरी सोडून आपल्यालाही तसं राहता येईल का. मी आचार्य नाही. बँकेत नोकरी करते आणि वर्षातून एकदा रजा काढून दहा दिवस धम्मसेविका, म्हणजे शिबिरात विनामोबदला काम करणारी, म्हणून जाते. इगतपुरीला धम्मगिरी या मोठ्या केंद्रावर आणि दुसऱ्या एका लहान केंद्रावर मिळून सात शिबिरांत सेवा झाली. सेविकेला आचार्यांकडे दिवसातून दहा वेळा जावं लागतं, त्यामुळे त्यांचा दिवस जवळून बघायला मिळतो.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तिथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. नाही, बहुतेक आचार्य तिथे राहत नाहीत. ही विपश्यना भारतात शिकवणारे सत्यनारायण गोयंका गुरुजी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून इथे आले आणि शिबिरं घेऊ लागले. शिबिरांची मागणी इतकी वाढली की १९८२ पासून त्यांनी सहायक आचार्य नेमायला सुरुवात केली. आम्ही सेवक त्यांना ‘एटी’ (असिस्टंट टीचर) म्हणतो. हे सगळे घरसंसारातले लोक. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी डॉक्टर, कुणी दुकान सांभाळणारे. पुष्कळदा नवरा-बायको दोघंही आचार्य असतात. ते पुरुषांकडे बघतात, त्या बायकांकडे. शिबिरापुरते येतात, झालं की आपापल्या घरी जातात. काही केंद्रांवर एखादं निवृत्त जोडपं बराच काळ राहतं, पण तो अपवाद. पगार नाही, मानधन नाही, दक्षिणाही नाही.

आणि ही आजची सोय नाही, परंपराच गृहस्थांची आहे. गोयंका गुरुजी व्यापारी होते, सहा मुलांचे वडील. त्यांच्या पत्नी इलायचीदेवी त्यांच्या शेजारी आचार्य म्हणून बसत. गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. सरकारी नोकरी करता करता शिकवायचे. आणि ऊ बा खिन ज्यांच्याकडे शिकले ते सया थेतजी शेतकरी होते. मी स्वतः आकडेमोडीच्या खात्यात असल्यामुळे असेल, पण दिवसभर सरकारी हिशेब बघून त्याच माणसाने लोकांना साधना शिकवली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता दिवस. घंटा पहाटे चारला होते. साडेचार ते साडेसहा साधना, आठ ते नऊ, अडीच ते साडेतीन आणि सहा ते सात अशा तीन सामूहिक बैठका, सात वाजता प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. साधकांचं हे वेळापत्रक तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. आचार्यांचाही दिवस हाच, फक्त दोन्ही टोकांना थोडा लांब. इगतपुरीच्या पावसात पहाटे मी घंटा वाजवत निघायचे तेव्हा धुक्यात पुढचा दिवा दिसत नसे, पण आमच्या बाईंच्या खोलीत उजेड असे. (मी ज्या आचार्यांबद्दल सांगतेय त्यांना ‘बाई’च म्हणते, नाव लिहिणं त्यांना आवडणार नाही.) साधकांनी हॉलमध्ये यायच्या आधी त्या स्वतःच्या खोलीत बसलेल्या असत. सकाळच्या बैठकीच्या शेवटी गुरुजींच्या आवाजातला पाली पाठ लागतो, त्यासाठी त्या हॉलमध्ये येऊन धम्मासनावर, म्हणजे आचार्यांच्या आसनावर, बसत.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. बरेच जण म्हणतात की सूचना गुरुजींच्या रेकॉर्डिंगवर, प्रवचन व्हिडिओवर, मग हे आचार्य फक्त बटण दाबतात. मलाही पहिल्या शिबिरात तसंच वाटलं होतं. सेवा करायला लागल्यावर कळलं की आवाज रेकॉर्डिंगचा असला तरी समोर बसलेली साठ-सत्तर माणसं जिवंत असतात, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकीचं काय चाललंय हे बाईंना ठाऊक असतं. हॉलमध्ये डोळे मिटून बसलेल्या दिसत, पण बैठक संपली की मला म्हणत, “तिसऱ्या ओळीतल्या त्या आजींना भिंतीशी जागा द्या, त्यांचा गुडघा सहन होत नाहीये.” आजींनी तक्रार केलेली नसे.

साधना तपासण्याचं काम हॉलमध्येच होतं. पाच-सहा जणींना पुढे बोलावतात, सेविका नावं वाचते, त्या समोर येऊन बसतात. पहिल्या तीन दिवसांत प्रश्न जवळपास एकच: श्वास कळतोय का? मन किती वेळ टिकतं? चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरभरच्या संवेदना बघायची साधना, दिली जाते, मग प्रश्न बदलतो: डोक्यापासून पायापर्यंत संवेदना कळतात का, कुठला भाग आंधळा राहतो का? एका शिबिरात मी सहज मोजलं, तर तेवढ्या दुपारी बाईंनी तोच प्रश्न चौसष्ट वेळा विचारला होता. चौसष्टाव्या साधिकेला विचारतानाही त्या तिच्याकडे तशाच बघत होत्या, जशा पहिलीकडे. मी काउंटरवर तिसाव्या ग्राहकाला मान वर न करता “फॉर्म भरा” म्हणते, म्हणून हे मला दिसलं.

दुपारी बारा ते एक आचार्यांना एकटीने भेटता येतं. आधी नाव नोंदवायचं, पाचेक मिनिटं मिळतात. आत काय बोलणं होतं ते मला माहीत नाही आणि असतं तरी सांगितलं नसतं. बाहेर बाकावर बसलेल्या बायका मात्र मी पाहिल्या आहेत. शिबिरात पाळायच्या मौनामुळे (त्याला आर्यमौन म्हणतात) एकमेकींशी बोलायचं नाही, मग हातातल्या रुमालाच्या घड्या घालत, मोडत बसतात. सगळ्यांची जेवणं अकराला होतात. बाईंचं ताट मी त्यांच्या खोलीत ठेवायचे, आणि भेटी बाराला सुरू होणार असल्या तरी कुणी ना कुणी त्याआधीच येऊन उभी राहायची.

सहाव्या दिवसाचं एक सांगते. एक तरुण मुलगी बॅग भरून माझ्यासमोर उभी राहिली, “मला आत्ता जायचंय.” मी तिला बाईंकडे नेलं. बाई नुकत्याच जेवायला बसल्या होत्या. त्यांनी ताटावर दुसरं ताट झाकलं, हात धुतले आणि विचारलं, “जेवलीस का?” ती नाही म्हणाली. “मग आधी जेव. बॅग इथे राहू दे माझ्याकडे. सहाची बैठक बसून ये, नंतरही जावंसं वाटलं तर बोलू.” एवढंच. उपदेश नाही, दहा दिवसांचं महत्त्व नाही. संध्याकाळी ती बॅग घ्यायला आली आणि खोलीवर गेली, राहिली शेवटपर्यंत. दुसऱ्या एका शिबिरात एक साधिका खरंच निघून गेल्या, तेव्हाही बाईंनी त्यांना हसत निरोप दिला आणि रात्री आम्हाला ताकीद दिली की त्यांच्याबद्दल जेवणघरात एक शब्दही व्हायला नको.

पाच वाजता नव्या साधकांना चहा, चुरमुरे, फळं मिळतात. जुन्या, म्हणजे आधी शिबिर केलेल्या साधकांना लिंबूपाणी. बाई लिंबूपाणीच घेत. नऊ वाजता ज्यांना शंका आहेत ते पुढे जाऊन विचारतात. मग साधक झोपायला गेले की आम्ही सेवक आचार्यांसमोर बसतो. दिवसाची अडचण सांगायची: गरम पाणी कमी पडलं, दोघींची कुजबुज झाली, भात कच्चा राहिला. शेवटी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांच्या भल्याची कामना. एकदा मी घंटा पाच मिनिटं उशिरा दिली म्हणून बाई सकाळी मला सगळ्यांसमोर जरा टाकून बोलल्या. त्या रात्री याच बैठकीत, सगळ्यांसमोरच म्हणाल्या, “सकाळी माझा आवाज चढला. माफ करा.” मला तेव्हा रडू आलं. चुकत नाहीत म्हणून त्या आचार्य, असं मला कधीच वाटलं नाही. चूक त्याच दिवशी उचलतात, रात्र ओलांडू देत नाहीत, हे मात्र मी त्यांच्याकडे पाहिलं.

दहाव्या दिवशी सकाळी मैत्री शिकवली की मौन सुटतं, आणि आवारात एकदम चिमण्यांचा थवा उतरल्यासारखा कलकलाट होतो. आचार्यांची धावपळ त्या दिवशी सगळ्यात जास्त, कारण ज्यांना इतके दिवस बोलता आलं नाही त्या सगळ्यांना त्यांच्याशीच बोलायचं असतं. अकराव्या दिवशी सकाळी सगळं संपतं. बाई स्वतःची खोली स्वतः झाडतात, चादरी काढून घडी घालतात. एकदा आम्ही दोघी एकाच रिक्षाने स्टेशनवर आलो. त्यांनी दहा दिवस बंद असलेला फोन सुरू केला, आणि पहिला फोन सासूबाईंना: औषधं वेळेवर घेतली का, गॅसवाला येऊन गेला का. घरीही सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बैठक असतेच. ती मोडली तर शिबिरात दुसऱ्याला सांगायचं तोंड उरत नाही, असं त्या म्हणतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तिथे शिक्षक म्हणून कुणी नोकरीला लागत नाही, त्यामुळे नोकरी सोडून जाण्यासारखी जागाच नाही. आचार्य होण्याआधी वर्षानुवर्षं स्वतःची रोजची साधना, सतिपट्ठान शिबिर (जुन्या साधकांसाठीचं पुढचं शिबिर), दीर्घ शिबिरं आणि भरपूर सेवा झालेली असते. मग कुणीतरी विचारतं, आणि प्रशिक्षण सुरू होतं. अर्ज करून मिळवायचं ते पद नाही. तुमचं दहा दिवसांचं शिबिर झालं नसेल तर आधी ते करा, त्याला शुल्क नाही. ते झालं की सेवेसाठी अर्ज करता येतो. शिबिरापुरती रजा मिळत असेल तर राजीनामा न देता रजा टाका, आणि काम विचारलं तर स्वयंपाकघर सांगा. पहाटेपासून उभं राहावं लागतं आणि तिन्ही सामूहिक बैठकांना हात पुसत धावावं लागतं. तुम्हाला आचार्यांसारखं आयुष्य खरंच हवंय का, हे तिथे चौथ्या-पाचव्या दिवशी कांदा चिरताना कळायला लागेल.