संक्षिप्त समुपदेशन शिकवताना पाठपुराव्यालाही तितकाच वेळ द्यावा

समाजकार्य आणि परिचर्या शाखांच्या विद्यार्थ्यांना सोलापुरातील नागरी आरोग्य केंद्रांत पाठवण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटांचे समुपदेशन आणि रुग्णाला पुढील उपचारांशी जोडून देण्याचे काम कसे शिकवावे, असे आपण विचारले आहे. यांतील पहिल्या भागाची तयारी बहुतेक ठिकाणी बरी होते, दुसरा मात्र एका व्याख्यानात उरकला जातो, आणि रुग्ण हातचा जातो तो नेमका तिथेच.

संवादाच्या सरावात सर्वांत आधी विद्यार्थ्यांची उपदेशाची घाई थांबवावी लागते. विडी वळणाऱ्या बाईला ‘मिश्री सोडा, कर्करोग होईल’ असे सांगण्यापेक्षा ‘मिश्री लावल्याने काय बरे वाटते आणि तिचे काय नकोसे वाटते?’ असे विचारले, तर सोडण्याचे कारण तिच्याच तोंडून येण्याची शक्यता वाढते. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रेरणात्मक संवादपद्धतीचा गाभाही हाच आहे. तिघांचे गट करून एकाने रुग्ण, दुसऱ्याने समुपदेशक व्हावे आणि तिसऱ्याने जास्त कोण बोलले एवढेच टिपावे.

नैराश्याच्या चाचपणीसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली पुरेशी आहे. मागील दोन आठवड्यांविषयीच्या ९ प्रश्नांचे एकूण गुण २७ असतात आणि १० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी आवश्यक ठरते. मात्र आत्मघाताच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर आले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, रुग्णाला एकटे न सोडता तत्क्षणी वरिष्ठांना बोलवायचे, हे विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा करवून घ्यावे. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगावे, कारण त्या भीतीनेच अनेक जण तो प्रश्न गाळतात. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक कुटुंबांत मुलांना किंवा शेजारणींना दुभाषी करू नये. प्रश्नावलीची तेलुगू आवृत्ती उपलब्ध आहे, ती वापरावी.

आता समन्वयाविषयी. ‘सिव्हिलला दाखवा’ अशी चिठ्ठी लिहून दिली म्हणजे रुग्ण तिथे पोहोचला असे होत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने केसपेपरच्या खिडकीपासून मानसोपचार विभागापर्यंतची वाट आधी स्वतः चालून पाहावी आणि बाह्यरुग्ण विभागाचे वार व वेळा टिपून घ्याव्यात. विड्यांची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे रुग्णालयात गेलेला दिवस थेट कमाईतून वजा होतो. म्हणून तारीख ठरवताना विड्या जमा करण्याची वेळ विचारणे हा समुपदेशनाचाच भाग समजावा. पाठपुराव्याच्या फोनसाठी संमती घ्यावी, आणि तो मोबाइल घरात आणखी कोण उचलते हेही विचारावे. रुग्णाला पुढे पाठवण्याच्या संदर्भपत्रात प्रश्नावलीचे गुण, तातडी आणि रुग्णाची स्वतःची अपेक्षा एवढेच असावे. घरातील भांडणांचा तपशील त्यात नको. मधल्या काळासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा निःशुल्क, चोवीस तास चालणारा क्रमांक लिहून द्यावा.

देखरेखीशिवाय हे कौशल्य टिकत नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत सामान्य, अव्यावसायिक समुपदेशकांनी नैराश्यावर केलेले संक्षिप्त उपचार परिणामकारक ठरल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, आणि त्यात सहकाऱ्यांनी एकमेकांच्या सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकून अभिप्राय देण्याची पद्धत होती. रुग्णाच्या संमतीने आपल्याकडेही तसे आठवड्यातून एकदा करता येईल.

मूल्यमापनात निम्मे गुण पाठपुरावा-नोंदवहीला ठेवावेत. रुग्ण गेला नसेल आणि विद्यार्थ्याने त्याचे खरे कारण शोधून नवी तारीख ठरवली असेल, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.