कॉस्प्लेच्या पोशाखात आपली पातळी कशी ओळखायची? आधी हात वर करून बघा

तुमचा प्रश्न असा: वर्षभरात कॉस्प्लेचे, म्हणजे सिनेमा-कॉमिकमधल्या पात्रांसारखे, तीन पोशाख झाले, त्यात एक पूर्ण फोमचं चिलखत. आता मी नवशिका राहिलो नाही ना, स्पर्धेत वरच्या गटात नाव द्यावं का, आणि पुढे कोणतं तंत्र शिकावं?

तीन ही संख्या झाली, पातळी नव्हे. आणि चिलखत केलं तो पुढे गेला, ज्याने नुसतं शिवलं तो मागे राहिला, ही वर्गवारी मला मुळीच मान्य नाही. तुमच्या प्रश्नातही ती दिसली, म्हणून जरा लांब लिहितेय. १९३९ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या वर्ल्डकॉनला, म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या संमेलनाला, मर्टल डग्लस आणि फॉरेस्ट अ‍ॅकरमन हे दोन चाहते भविष्यकाळातले पोशाख घालून गेले, ते डग्लस यांनी शिवलेले होते. या छंदाची सुरुवातच शिलाईतून आहे.

आता चाचणी. तिन्हीपैकी जो बाहीचा आणि अंगाबरोबरचा पोशाख आहे तो घाला, आरशासमोर उभे राहा आणि तलवार उगारल्यासारखा हात सरळ डोक्यावर न्या. खालची कड किती वर सरकली ते टेपने मोजा. दोन-तीन सेंटीमीटर सरकली तर चांगलं काम आहे. आठ-दहा सरकली आणि कमरेचा पट्टा बरगड्यांवर चढला, तर मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा गोल काप, चुकलाय.

इथे बहुतेक जण मुंढा आणखी खोल कापतात. घट्ट वाटतंय ना, मग जागा करू, असा विचार. तो नेमका उलटा पडतो. मुंढा जितका खाली, तितकी अंगाची बाजूची शिवण आणि बाहीची आतली शिवण आखूड. हात वर गेला की या दोन शिवणींनाच लांबावं लागतं. तिथे कापडच नसेल तर बाही अख्खं धड वर ओढते. म्हणून मुंढा काखेपासून दोन सेंटीमीटरच खाली ठेवा. बाही मग खांद्यापाशी फिरते आणि धड जागेवर राहतं.

त्याच्या जोडीला बाहीचा माथा, म्हणजे खांद्याशी येणारा तिचा वरचा गोलाकार भाग, बघा. माथा उंच असला की हात खाली सोडल्यावर बाही सुरेख पडते, पण हात उचलला की अडते. सतत शस्त्र उगारणाऱ्या पात्रासाठी माथा एक-दोन सेंटीमीटर कमी करा आणि तेवढी बाहीची रुंदी वाढवा, नाहीतर बाहीचा घेर, म्हणजे माथ्याच्या कडेची लांबी, मुंढ्याला जुळणार नाही. काखेत थोड्या सळ पडतील, त्या पडू द्या. न ताणणाऱ्या सुती किंवा लोकरी कापडात बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त लागतो. माथ्यावर दोन धावदोरे घालून ही जादा लांबी चुण्या न पाडता जिरवायची. रेक्झिनमध्ये ती जिरत नाही. तिथे दोन्ही घेर जवळजवळ सारखे ठेवा. रेक्झिनला टाचण्याही लावू नका, भोकं कायमची राहतात, चिमटे वापरा.

मुंढा आधीच खोल कापला असेल तर काखेत उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाचा चौकोनी जोड घाला, बाजू आठ ते दहा सेंटीमीटर. ज्या टोकापर्यंत चीर द्याल तिथे आधी चिकट कॅनव्हासचा लहान तुकडा इस्त्रीने बसवा. त्या टोकाला माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, जवळजवळ शून्य उरते, म्हणून फाटायची सुरुवात तिथूनच होते.

हे सगळं येत असेल तर चिलखत वेगळं शिकावंच लागत नाही, हे माझं ठाम मत आहे. सपाट शीटमधून छातीचा गोलावा येतो तो टक्समुळे, म्हणजे जादा भाग त्रिकोणी काढून कडा जोडल्यामुळे. अंगाभोवती क्लिंग फिल्म गुंडाळायची, वर मास्किंग टेप लावायचा, रेषा काढून कापायचं आणि सपाट करायचं. जिथे ते सपाट पडत नाही तिथे चीर द्यावी लागते, ती चीर म्हणजे टक्सच. फरक फक्त जाडीचा, आणि तोच लोक विसरतात. १० मिलिमीटर फोमची गोल नळी केली की आतला घेर सपाट मापापेक्षा साधारण ३ सेंटीमीटरने कमी भरतो. ५ मिलिमीटरला दीड. मनगटाचं कवच कागदावर बरोबर आणि हातावर आवळतं, याचं कारण हेच. आतल्या बाहीची जाडी आणखी वेगळी धरावी लागते.

फोममधली पातळी बघायची तर उसवलेला जोड हातात घ्या आणि कशाने सुटला ते सांगता येतं का बघा. फोमला कॉन्टॅक्ट गोंद वापरतात, तो दोन्ही कडांना लावून, जरा सुकू देऊन मग कडा दाबून जोडतात. गोंद सगळा एकाच बाजूला राहिला असेल तर दुसऱ्या कडेवर धूळ होती किंवा पहिला हात फोमने पिऊन टाकला. कापलेल्या कडेला दोन हात लागतात. दोन्ही बाजूंना गोंदाच्या तारा दिसल्या तर ओला असतानाच जोडला. बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, साधारण दहा-पंधरा मिनिटं. दोन्हीकडे गुळगुळीत पापुद्रा राहिला तर फार उशीर केला. आणि गोंद टिकून फोमच फाटला असेल तर गोंदाला दोष देऊ नका, ताण चुकीच्या जागी येतोय, तिथे पट्टा किंवा बिजागरीसारखा मोकळा जोड हवा होता. जोडावर रंगाखाली पुट्टी भरून हे झाकता येतं, पण बसल्या-उठल्यावर भेग पुन्हा येतेच. फोटोत दिसत नाही, हा युक्तिवाद माझ्यापुढे करू नका. पोशाख सहा-सात तास अंगावर असतो.

मग पुढे काय? नवा मोठा पोशाख घेऊ नका. जोडी करा: डावं-उजवं मनगटाचं कवच, एकाच पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून. दुसऱ्या हातासाठी नमुना उलटा करायचा, वक्र कडांवर दर चार-पाच सेंटीमीटरला जुळणीच्या खुणा करायच्या आणि खुणेला खूण लावत चिकटवत जायचं. ब्लेड उभं धरा आणि बोथट व्हायच्या आत बदला, फोम पातं फार लवकर खातो. दोन्ही कवचं शेजारी ठेवून मापात दोन-तीन मिलिमीटरच्या आत आली, की पुढचं बोलू. एकच सुंदर तुकडा चुकूनही होतो. कापडात मांजरपाटावर तीच बाही तीनदा बसवा आणि दर वेळी मुंढ्याची खोली आणि माथ्याची उंची वहीत लिहा.

स्पर्धेच्या गटाबद्दल थोडक्यात. इंटरनॅशनल कॉस्च्युमर्स गिल्ड या पोशाख करणाऱ्यांच्या संघटनेच्या धर्तीवर जिथे गट पाडतात, तिथे गट मुख्यतः आधी मिळालेल्या बक्षिसांवर ठरतो आणि स्वतःहून वरच्या गटात उतरायला मुभा असते. म्हणजे गटाचं नाव हे तुमच्या हाताचं मोजमाप नव्हेच. बाकी ठिकाणी नियम वेगळे असतात, ते वाचून घ्या.

दोन गोष्टी राहिल्या. मुंढ्याचं हे गणित होजियरीच्या ताणणाऱ्या कापडाला इतकं काटेकोर लागू नाही, तिथे कापडच बरंच सांभाळून घेतं. आणि कॉन्टॅक्ट गोंदाच्या वाफेला धुळीचा मास्क चालत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस असलेला मास्क हवा, शिवाय खिडकी उघडी. थर्मोकोलवर हा गोंद लावू नका, थर्मोकोल विरघळतो.

नाव द्यायचंच ठरवलं तर पोशाख उलटा करून आतल्या शिवणी, अस्तर आणि पट्ट्यांचे जोड यांचे फोटो काढून सोबत न्या. कारागिरी तपासणारे परीक्षक आतली बाजू बघायला मागतात.